खर्ड्याची फत्ते आणि आरशातले रूप

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. निंबाळकर सरदारांचे हे ठाणे. त्यांनी अठराव्या शतकात बांधलेला भुईकोट किल्ला अजून तेथे उभा आहे. शाळेच्या पुस्तकातून आपण सर्वांनी या गावाचे नाव वाचलेले असते, आणि बहुतेकांना त्याच्या पुढे एकच सनावळ आठवते : इ. स. १७९५.

त्या वर्षाच्या ११ मार्चला मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची गाठ या परिसरात पडली. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशी सारी मराठी दौलत एका निशाणाखाली उभी राहिल्याचा तो शेवटचा मोठा प्रसंग. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. दिवसभर चकमकी झाल्या; रात्री निजामाच्या गोटात एकाएकी घबराट उडाली, आणि वृद्ध निजामअलीने खर्ड्याच्या कोटात आसरा घेतला. पुढे लवकरच तह झाला. तीन कोटी रुपये, दौलताबादेसह मोठा मुलूख आणि निजामाचा कारभारी मशीर-उल्मुल्क एवढे मराठ्यांच्या पदरात पडले.

फत्ते झाली म्हणजे शाहीर गप्प बसतील हे शक्यच नव्हते. डफ-तुणतुण्यावर खर्ड्याचे पोवाडे सुरू झाले. फौजांचे लोंढे, तोफांचा गडगडाट, वीरांचे हातघाईचे पराक्रम यांची वर्णने गावोगाव ऐकू गेली. प्रत्यक्षात मात्र लाखाच्या घरातल्या दोन फौजा समोरासमोर येऊनही रणांगणावर फारच थोडी माणसे पडली होती. निजामाच्या पराभवात तलवारीपेक्षा भीतीचा वाटा मोठा होता. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे नमूद करून ठेवले आहे.

त्याच ग्रंथात एक लहानशी हकीकत आहे. सारी छावणी आनंदात असताना सवाई माधवराव पेशवे खिन्न दिसले. तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. नाना फडणिसांनी कारण विचारले. तरुण पेशव्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, दोन्ही बाजूंच्या अधोगतीचे त्यांना दुःख होते; मोगलांनी असा लाजिरवाणा शरणागतीचा मार्ग धरावा, आणि ज्या विजयासाठी फारसे झुंजावेच लागले नाही त्याच्या बढाया आपल्या शिपायांनी माराव्यात, हे त्यांना रुचले नव्हते.

इतिहासकारांनी या उत्तराचा उपयोग मराठी राज्याच्या उतरत्या काळाची खूण म्हणून केला आहे. आज आपण त्याच्याकडे निराळ्या कारणासाठी पाहू. जे घडले ते एक आणि जे गायिले जात आहे ते दुसरे, हा भेद एका विशीतल्या मुलाच्या ध्यानात आला होता. आणि तोही अशा वेळी, की जेव्हा गायिले जात होते ते त्याचेच कौतुक होते. ही नजर जन्मजात सर्वांना लाभत नाही. ती शिकवावी लागते. आजच्या काळात आपल्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना काही शिकवायचेच असेल, तर ही नजर आधी शिकवायला हवी. कारण पोवाडा ऐकायला चावडीपुढे जावे लागे. आजचा पोवाडा अंथरुणात, उशाखाली, फोनच्या काचेवर चालू असतो. त्यात तलवारीची फत्ते नसते. प्याला, सिगारेट, गुटखा, गोरा रंग, बारीक कंबर आणि फुगलेले दंड यांची फत्ते असते.

परंतु हे संकट काल-परवा आकाशातून पडले, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. महाराष्ट्राचा गेल्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर असे दिसते की, ज्या ज्या साधनाने लोकांचे मन रिझवले, त्या त्या साधनाने लोकांना कसे दिसावे आणि काय प्यावे हेही शिकवले आहे. साधने बदलली; शिकवणीची रीत फारशी बदलली नाही.

आरंभ शाहिरांपासूनच करू. खर्ड्याच्या काळातला अनंत फंदी हा याच जिल्ह्यातल्या संगमनेरचा. फंदीने पोवाडे रचले, लावण्याही रचल्या आणि फटकेही रचले. म्हणजे एकाच शाहिराच्या मुखातून मर्दाने कसे लढावे, स्त्रीने कसे दिसावे आणि तरुणाने कसे वागावे या तिन्ही गोष्टी बाहेर पडत. लावणीतली नायिका नखशिखांत वर्णिलेली असते. गोरी काया, बारीक कंबर, टपोरे डोळे, चालण्यातली ऐट, असा तिचा साचा ठरलेला. फडापुढे बसलेल्या सोळा वर्षांच्या पोराच्या मनात सौंदर्याचे पहिले माप याच साच्याने पडत असणार. घरात राबणारी, उन्हाने रापलेली बाई त्या मापात बसणार कशी? सांगतात की, अहिल्याबाई होळकरांनी फंदीला तमाशाच्या नादाबद्दल दोन शब्द सुनावले आणि तेव्हापासून तो कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्याच चौंडीच्या लेक. आख्यायिकेत खरे किती हे बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट तिच्यातून निघते : गाण्याचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो आणि त्याची जबाबदारी गाणाऱ्यावर येते, हे त्या काळच्या समाजालाही ठाऊक होते.

तथापि शाहिराचे रूपवर्णन ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर सोडलेले असे. ज्याची त्याची नायिका ज्याच्या त्याच्या मनात. हे स्वातंत्र्य छापील चित्राने हिरावून घेतले. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्या छापखान्यातून निघालेल्या रंगीत लक्ष्मी आणि सरस्वती, दमयंती आणि शकुंतला थोड्या पैशांत घरोघरी पोचल्या. आजीच्या देवघरात आणि वाण्याच्या दुकानात तीच गोरी, भरल्या अंगाची, मोठ्या डोळ्यांची मूर्ती दिसू लागली. देवीचा चेहरा कसा असतो हे एकदा ठरले, म्हणजे सुंदर बाईचा चेहरा कसा असतो हेही ठरले. चित्रकाराचा हेतू काही वाईट नव्हता. पण देवीचे रूप आणि दुकानाचा माल यांतले अंतर फार थोडे आहे, हे व्यापाऱ्यांनी लवकर ओळखले. देवीदेवतांच्या आणि सुंदर स्त्रियांच्या चित्रांखाली साबणाची, औषधाची, लहान मुलांच्या दुधाच्या पिठाची नावे छापलेली कॅलेंडरे भिंतीवर लटकू लागली.

केवळ मुलींचीच ही गोष्ट नाही. आपण सदऱ्याखाली जो बिनबाह्यांचा सँडो घालतो, त्याचे नाव एका माणसाचे आहे. युजेन सँडो (१८६७–१९२५) हा जर्मनीत जन्मलेला पहिलवान. आपल्या पिळदार शरीराची छायाचित्रे विकून, स्वतःचे मासिक काढून आणि व्यायामाची साधने विकून त्याने जगभर नाव आणि पैसा मिळवला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्याकडे तालमी होत्या, मल्लखांब होता, लाल माती होती. पण तालमीतला उस्ताद पोराला अंग कमवायला सांगे ते कुस्तीसाठी. सँडोने अंग दाखवण्यासाठी कमवायला शिकवले. आज गावोगावच्या व्यायामशाळांतून पोरे आरशासमोर दंड फुगवून फोनने चित्र काढतात आणि कसल्या कसल्या पुडीतली भुकटी दुधात ढवळतात, त्यांचा मूळ पुरुष हाच.

आणि वाचकहो, या बाबतीत आपण हातात धरलेला दिवाळी अंक तरी निर्दोष कुठे आहे? काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि महाराष्ट्रात ही नवी प्रथा रूढ झाली. फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. त्याच्या मुखपृष्ठावर सुंदर तरुणी आली, आणि पाठपृष्ठावर तिच्यासारखे होण्यासाठी लागणारे तेल, साबण व स्नो आले. १९१९ साली मुंबईत पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. पुढे कित्येक वर्षे गोरेपणा म्हणजे स्नो हे समीकरण मध्यमवर्गाच्या कपाटात जाऊन बसले. दीनानाथ दलालांच्या कुंचल्यातून उतरलेल्या मुखपृष्ठावरच्या ललना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते रूप अजून आठवत असेल. ती चित्रे गोड होती. पण तसे नाक, तसा बांधा, तशी कांती आपल्या आळीत कोणाचीही नव्हती. दिवाळी अंकाने आपल्याला उत्तम कथा दिल्या, उत्तम कविता दिल्या. त्या स्वस्तात मिळाल्या याचे एक कारण म्हणजे अर्धी किंमत जाहिरातदार भरत होता. तो ती उगाच भरत नव्हता.

आता रंगभूमीकडे येऊ. कारण व्यसन आणि रूप ही दोन्ही सूत्रे एकाच ठिकाणी येऊन मिळालेली महाराष्ट्राने जर कुठे पाहिली असतील, तर ती नाटकात.

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांनी एक पिढीच्या पिढी वेडी केली. त्यांचे शालू, त्यांची नथ, त्यांच्या अंबाड्यातली फुले, पदर घेण्याची त्यांची ढब या सर्वांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया करीत असत. नाटक पाहून आलेली सून आरशासमोर उभी राहून तसा पदर घेऊन पाही. यातली गंमत, आणि गंमतीच्या पोटातले गांभीर्य, आपण क्वचितच बोलून दाखवतो. ज्या स्त्रीसारखे दिसण्यासाठी महाराष्ट्रातल्या स्त्रिया धडपडत होत्या, ती स्त्री मुळी अस्तित्वातच नव्हती. तो एक पुरुष होता. रंग, प्रकाश, दागिने आणि असामान्य कला यांनी घडवलेला आभास होता. यात बालगंधर्वांचा दोष काडीचाही नाही. त्यांनी रंगमंचावर कला केली, आणि हा पुरुष आहे हे सगळ्या प्रेक्षागृहाला ठाऊक होते. आजच्या फोनमध्ये दिसणारी मुलगीही तशीच आभासी असते. यंत्राने तिची कातडी गुळगुळीत केलेली असते, हनुवटी निमुळती केलेली असते, कंबर आवळलेली असते. फरक एवढाच की, आता हे प्रेक्षागृहाला कोणी सांगत नाही.

२० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. तो प्रयोग पाहायला गडकरी नव्हते. आदल्याच महिन्यात, २३ जानेवारीला, सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते आणि बालगंधर्व सिंधू. बुद्धिमान वकील सुधाकर, कोर्टात झालेला अपमान, तो विसरण्यासाठी तळीरामाने पुढे केलेला एकच प्याला, आणि मग पोटच्या पोराचा व साध्वी पत्नीचा घात, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व या नाटकात दरिद्री सिंधूच्या साध्या लुगड्यात उभे राहिले आणि प्रेक्षक ढसाढसा रडले.

पण रडणारा प्रेक्षक हसतही होता. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ यांचे प्रवेश म्हणजे हशा आणि टाळ्या. दारूच्या समर्थनार्थ तळीराम जी अफाट तर्कटे लढवतो, ती लोकांनी तोंडपाठ केली. मद्यपाननिषेधासाठी लिहिलेल्या नाटकातला दारुडाच लोकांना सर्वांत लाडका झाला. याचा अर्थ नाटक फसले असा मुळीच नाही. अर्थ इतकाच की, कलाकृती एका हाताने जे देते ते कधी कधी दुसऱ्या हाताने परतही घेते. आणि पाहणाऱ्या कोवळ्या मुलाच्या पदरात यांतले काय पडले, हे त्याच्याशी कोणी बोलल्यावाचून कळत नाही. सुधाकराचा पहिला प्याला गडकऱ्यांनी किती अचूक रंगवला आहे पाहा. तो चवीसाठी पीत नाही. अपमानाचे दुःख आहे, शेजारी मित्र आहे, आणि एकाने काय होते हा दिलासा आहे. आजही पंधराव्या वर्षी पहिली सिगारेट ओढणारा मुलगा याच तीन पायऱ्या उतरतो. या नाटकाचा तो प्रवेश वर्गात वाचून दाखवून मुलांना एवढेच विचारावे : सुधाकराच्या जागी तू असतास तर तळीरामाला काय उत्तर दिले असतेस? पाठ्यपुस्तकातल्या दहा उपदेशांपेक्षा हा एक प्रश्न अधिक काम करील.

उपदेश आणि बंदी यांचाही आपल्याकडे मोठा इतिहास आहे. तो विसरून चालणार नाही. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर स्वयंसेवकांनी निरोधन केले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी जाहीर केली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ सालच्या कायद्याने ती मुंबई राज्यभर नेण्यात आली. त्याच १९३९ साली आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा बोलपट आला. ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेला भोळा बगाराम एका बाटलीच्या शोधात भटकतो आणि दामूअण्णा मालवणकरांनी सारे चित्रपटगृह हसवून सोडले. बाटलीवर बंदी आली. बाटलीचे कुतूहल मात्र पडद्यावर वाढतच गेले. पुढच्या काळातल्या चित्रपटांत प्रेमभंग झालेल्या नायकाच्या हाती पेला आणि खलनायकाच्या ओठात सिगारेट ही ठरलेली खूण झाली. आणि हळूहळू सिगारेट खलनायकाकडून नायकाकडे आली.

याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने १९७५ नंतर जो पालट घडवला, तोही येथे आठवतो. गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, विडी-तंबाखू गोळा करून होळीत जाळली गेली. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्याही कथा प्रसिद्ध आहेत, आणि त्यांवर टीकाही झाली आहे. बरेवाईट काहीही म्हणा, गावाची वेस राखता येत होती म्हणून हे सर्व शक्य झाले. भट्टी वेशीबाहेर घालवता येते. मुलाच्या खिशातली काच वेशीबाहेर कशी घालवणार?

कायद्यानेही आपल्या परीने पुष्कळ केले आहे. २००० सालापासून केबल दूरचित्रवाणीवर दारू-तंबाखूच्या जाहिरातींना मनाई आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूची उघड आणि आडून केलेली जाहिरात बंद केली, अठरा वर्षांखालील मुलांना विक्री बंद केली, आणि शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई केली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला. त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून चित्रपटात धूम्रपान दिसले की पडद्याच्या कोपऱ्यात इशारा येऊ लागला. एवढे होऊनही २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. साठ मुलांच्या वर्गात अशी पाच मुले!

कारण जाहिरात मेली नाही. तिने वेष पालटला. तंबाखूच्या पुडीचे नाव इलायचीच्या पुडीवर आले, दारूचे नाव सोड्याच्या बाटलीवर आले. नाव तेच, अक्षरांचे वळण तेच, रंग तोच, आणि हातात पुडी धरलेला नटही तोच लाडका. मोठे माणूस ही चाल ओळखते. सहावीतल्या मुलाला मात्र खरोखरच वाटते की, हा नट इलायची खातो. २०२१ साली अमिताभ बच्चन यांनी पानमसाल्याच्या आणि २०२२ साली अक्षय कुमार यांनी इलायचीच्या अशा जाहिरातीतून अंग काढून घेतले, ते लोकांनी जाब विचारल्यावर. म्हणजे जाब विचारल्याचा उपयोग होतो.

गोरेपणाच्या मलमांची कथा याहून निराळी नाही. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आले. काळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही. चार आठवडे मलम लावले की दोन्ही दारे उघडतात, या धाटणीच्या जाहिराती पाहत दोन पिढ्या वाढल्या. २०१४ साली जाहिरातदारांच्याच मानक परिषदेने सावळ्या रंगाला कमी लेखणारी चित्रे दाखवू नयेत असा नियम घातला, आणि २०२० साली त्या मलमाच्या नावातला गोरेपणा दर्शविणारा शब्द गेला. शब्द गेला, आरशासमोरची खंत गेली का?

ही खंत किती लवकर रुजते, याचे एक उदाहरण दूर फिजी बेटांवरचे आहे. तेथल्या समाजात भरल्या अंगाचे कौतुक असे. जेवणाचा आग्रह हीच मायेची रीत. नाद्रोगा नावाच्या प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी पोचली. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तेथल्या शाळकरी मुलींना विचारपूस केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या खेपेस एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरांत अकरा मुली तसे करीत होत्या. परदेशी मालिकांतल्या नट्यांसारखे बारीक व्हावे असे त्यांना वाटू लागले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत उखडायला तीन वर्षे पुरली! आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने इन्स्टाग्रामच्या चालक कंपनीची जी अंतर्गत कागदपत्रे छापली, त्यांत कंपनीच्याच पाहणीतला निष्कर्ष होता : आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटले, असे बत्तीस टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते.

मग करायचे काय? फोन हिसकावून घ्यावा, असे पुष्कळ आईबापांना वाटते. रागाच्या भरात ते योग्यही वाटते. पण बाटली हिसकावण्याचा आपला अनुभव वर सांगितलाच आहे. निव्वळ भीती घालण्याचाही उपयोग थोडाच होतो. तंबाखूने पन्नासाव्या वर्षी कर्करोग होतो, हे चौदा वर्षांच्या मुलाला सांगावे, तर त्याच्या लेखी पन्नासावे वर्ष म्हणजे चंद्रावरचा मुलूख. मुलाला जर कशाची चीड येत असेल, तर आपल्याला कोणी मूर्ख बनवत आहे याची. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९९८ साली नेमकी हीच चीड कामाला लावली. तंबाखू वाईट आहे असे न सांगता, तंबाखूच्या कंपन्या तुम्हाला कसे हेरतात हे तरुण मुलांच्याच तोंडून सांगितले. दोन वर्षांत तेथल्या माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांतले सिगारेटचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. आपल्या देशातही दिल्ली आणि चेन्नई येथल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मायत्री’ नावाचा प्रयोग झाला. मुलांनीच मुलांशी बोलायचे, खेळांतून व चर्चांतून तंबाखूचा आणि तिच्या मोहाचा विचार करायचा, असे त्याचे स्वरूप होते. ज्या शाळांत हा पाठ झाला तेथे तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला. जेथे झाला नाही तेथे तो त्याच काळात ६८ टक्क्यांनी वाढला. शिकवणे वाया जात नाही, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

या शिक्षणासाठी मोठी साधने लागत नाहीत. तीन प्रश्न पुरतात. हे मला कोण दाखवत आहे? मी ते मानले तर पैसा कोणाच्या गाठी पडेल? आणि यात काय दाखवलेले नाही? खर्ड्याच्या पोवाड्याला हे प्रश्न लावून पाहा. गातो कोण, तर बिदागीवर पोट असलेला शाहीर. लाभ कोणाचा, तर ज्यांची स्तुती झाली त्या सरदारांचा. दाखवले काय नाही, तर रणांगणावर फारशी झुंजच झाली नाही हे. म्हणून पोवाडा टाकाऊ ठरत नाही. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, य. न. केळकरांनी पुढे तेच काम नेटाने केले, म्हणून ते काव्य आपल्याला मिळाले, आणि त्याची गोडी आजही कमी नाही. गोडी घ्यावी आणि तरीही फसू नये, हीच तर रसिकता! मुलांना चित्रपट पाहू नका असे सांगण्यापेक्षा रसिक व्हा असे सांगितले, तर त्यांना ते अपमानाचे वाटत नाही.

खर्ड्याच्या परिसरातल्या शाळेला हा पाठ द्यायला किल्लाच पुरे आहे. इतिहासाच्या शिक्षकाने नववीचा वर्ग कोटात न्यावा. आधी पोवाडा ऐकवावा, मग लढाईची हकीकत सांगावी, आणि दोहोंतला फरक मुलांनीच शोधून फळ्यावर लिहावा. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी इलायचीची एक जाहिरात आणि फोनमधले एक गुळगुळीत चित्र घेऊन तोच फरक शोधावा. इतिहासाचा तास आणि आरोग्याचा तास एकच होऊन जाईल.

ज्यांना खर्डा दूर आहे, त्यांच्यासाठी हा अंक आहे. फराळ झाला, दुपारची वामकुक्षी झाली, की घरातल्या मुलांना हाच अंक द्यावा आणि म्हणावे, यातल्या जाहिराती मोज. किती पानांवर बाई आहे? तिच्या हातात वस्तू कोणती, आणि त्या वस्तूचा तिच्या गोरेपणाशी संबंध काय? एकही सावळी मुलगी दिसते का? पुरुष कसले आहेत, त्यांच्यासारखा दंड आपल्या काकांचा आहे का? मग भिंतीवरच्या जुन्या तसबिरीतली पणजी दाखवावी. रंगाने सावळी, अंगाने जाड, हाताला घट्टे. तिने किती माणसे पोसली, दुष्काळात घर कसे सावरले, हे त्यांना सांगावे. मुले हसतील, वाद घालतील, आजोबांच्या मिश्रीवरही एखादा प्रश्न टाकतील. आजोबांनी त्याचे उत्तर खरे द्यावे.